कॉपी, एसओपी आणि परदेशातलं पहिलं सेमिस्टर

घाटनांदूरची

राम राम मंडळी. मी अंबाजोगाईकडची, सध्या जर्मनीच्या पूर्व भागात मास्टर्स करतेय. विद्यापीठाचं नाव मुद्दाम टाकत नाही. फेब्रुवारीत आमचे पेपर झाले. त्यात जे घडलं त्यावरून एक सल्ला हवाय. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

इथल्या बऱ्याच पेपरांना एक कागद आत न्यायची मुभा असते. ए-फोर, दोन्ही बाजूंनी, स्वतःच्या हातानं लिहिलेला. सूत्रं, व्याख्या, आकृत्या, काय वाटेल ते लिहा. म्हणजे चिठ्ठीच, पण सरकारमान्य. आपल्याच भागातल्या एका पोरानं काय केलं, तर सीनिअरच्या जुन्या नोट्सची चार-चार पानं लायब्ररीच्या प्रिंटरवर बारीक करून एका पानात बसवली आणि तो कागद घेऊन आला. आपल्याकडं बारावीच्या मोसमात झेरॉक्सवाले करून देतात ती मायक्रो झेरॉक्स, अगदी तीच.

पेपरला ओळखपत्र बाकावर ठेवायचं असतं. मोबाईल बंद करून बॅगेत, बॅगा आणि जॅकेटं भिंतीकडं, मध्ये दोन खुर्च्या रिकाम्या. पर्यवेक्षक बाई ओळखपत्रं तपासत फिरत होत्या. त्याच्याजवळ थांबल्या, कागद उचलला, खिडकीच्या उजेडात धरला, मग अंगठ्यानं अक्षरं घासून बघितली. शाई फिसकटली नाही. त्यांनी कागद काढून घेतला, स्वतःकडच्या तक्त्यात वेळ लिहिली आणि त्याला हळूच म्हणाल्या, पेपर लिहायचा असेल तर लिही, निर्णय नंतर होईल. आरडाओरडा नाही, कानाखाली नाही, 'बापाला घेऊन ये' नाही. मी दोन ओळी मागं होते. तो पेपर संपेपर्यंत नुसता बसून होता.

आता निकाल आला. इथं 1.0 सगळ्यात चांगला, 4.0 पर्यंत पास. त्याला 5.0 आणि शेजारी फसवणुकीचा शेरा. घरी त्यानं सांगितलं की पेपर पुढं ढकललाय. पण कुणीतरी गावात कळवलं आणि काल त्याच्या वडिलांचा मला फोन. आमची सोयरिक नाही, फक्त ओळख आहे. काका म्हणाले, "बाई, तू तिथंच हाईस. कुणाला भेटावं लागतं तेवढं सांग. काही द्यावं-घ्यावं लागलं तर मी करतो."

मी काय सांगू? आणि दुसरं, मला एक कोडं सुटत नाही. कागद न्यायची मुभा होती. लिहायला सगळं सेमिस्टर होतं. एक पान हातानं लिहायला काय झालं होतं?

टी_पॉइंट

चिठ्ठी अधिकृत असूनही चिठ्ठीत सापडणारा भाऊ. याला म्हणतात जिल्ह्याचं नाव काढणं.

जुना_मास्तर

ताई, कोडं वाटतं तेवढं अवघड नाही. मी परभणी आणि नांदेड जिल्ह्यात तीसेक वर्षं शिकवलं, केंद्रावर पर्यवेक्षणही केलं. बाहेरून बघणाऱ्याला खिडकीला लटकलेली पोरं दिसतात आणि पेपरात फोटो येतो. आत काय चालतं ते सांगतो.

कॉपी म्हणजे गावजेवण असतं, प्रत्येकाचा हात लागतो. संस्थेला निकाल हवा, कारण निकालावर पुढच्या वर्षीचे प्रवेश, प्रवेशावर तुकडी आणि तुकडीवर शिक्षकांच्या नोकऱ्या. मुख्याध्यापकाला शंभर नंबरी निकालाचं फ्लेक्स हवं. केंद्र आडवळणाला असेल तर लांबलांबची पोरं तिथून फॉर्म भरतात, त्यांच्या जेवणा-राहण्याची सोय करणारा एक वर्ग तयार होतो. चुलता गाइड फाडून देतो, मामा भिंतीवरून टाकतो, पाणी पाजणारा शिपाई बाकापर्यंत पोचवतो. या सगळ्यात ज्याचा पेपर आहे त्या पोराला काय करावं लागतं? नुसतं उतरवून काढायचं. बऱ्याच वेळा तेही चुकीच्या प्रश्नाखाली. मी 'आकृतीसाठी मागील पान पाहा' हे वाक्य उत्तरपत्रिकेत जसंच्या तसं लिहिलेलं वाचलंय, आणि मागच्या पानावर काहीच नव्हतं.

कायदा नव्हता असं नाही. विद्यापीठ आणि मंडळाच्या परीक्षांतले गैरप्रकार रोखायचा राज्याचा कायदा 1982 चा आहे. तो वापरायचा कुणी हाच प्रश्न होता. 2010 च्या आसपास नांदेडला डॉ. श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना कॉपीमुक्तीची मोहीम निघाली. बैठी पथकं, व्हिडिओ चित्रण, महसूलची माणसं केंद्रावर. निकाल धाडकन खाली आला. लोक चिडले, पण पुढच्या काही वर्षांत पोरं वर्गात दिसू लागली, हेही मी डोळ्यांनी बघितलं. नंतर तोच प्रयोग राज्यभर नेला. आता तर ड्रोन उडवतात. ड्रोनला भिंतीवरचा मामा दिसतो, संस्थाचालकाचं गणित दिसत नाही.

तर तुमच्या त्या पोराला एक पान हातानं लिहिता आलं नाही, कारण कुठलं वाक्य ठेवायचं आणि कुठलं सोडायचं हे ठरवायला विषय यावा लागतो. ते काम आजवर दुसऱ्यानं केलेलं होतं.

बालाघाटी

झालं सुरू. कॉपी म्हटलं की मराठवाडा, दुष्काळ म्हटलं की मराठवाडा. मास्तर, तुमचा अनुभव मान्य, पण याच मातीत लातूर पॅटर्न उभा राहिला. खेड्यातली पोरं खोल्या करून, डबे खाऊन, पहाटे चारला उठून डॉक्टर-इंजिनिअर झाली. ती काय चिठ्ठ्यांवर झाली? हो, 2024 च्या 'नीट' या मेडिकल प्रवेश परीक्षेच्या पेपरफुटी प्रकरणात लातूरचं नाव आलं, माहीत आहे. त्याच वर्षी केंद्राला पेपरफुटीविरोधात कायदा आणावा लागला तो काय एकट्या लातूरसाठी?

आणि गोऱ्यांचं कौतुक तर बंदच करा. याच जर्मनीचे संरक्षणमंत्री गुटेनबर्ग, पीएचडीचा प्रबंध दुसऱ्यांच्या लिखाणातून उचललेला निघाला, 2011 मध्ये. दोन वर्षांनी अॅनेटे शावान यांची पीएचडी विद्यापीठानं काढून घेतली, आणि त्या खुद्द शिक्षणमंत्री होत्या! फोक्सवॅगननं गाड्यांत सॉफ्टवेअर घालून धुराची चाचणी पास केली, 2015. ती कॉपी नाही तर काय? पैसे घेऊन निबंध लिहून देणारी दुकानं इंग्लंडात इतकी बोकाळली की 2022 मध्ये त्यांच्यावर बंदीचा कायदा करावा लागला. ऑस्ट्रेलियानं 2020 मध्येच केला होता. दुकान चालतं म्हणजे गिऱ्हाईक आहे, आणि सगळं गिऱ्हाईक काही बीड-धाराशिवचं नाही.

घाटनांदूरची

बालाघाटी दादा, सगळं खरं. पण गुटेनबर्ग आणि शावान दोघांनाही मंत्रिपद सोडावं लागलं, तेवढं लिहायचं राहिलं तुमचं. आपल्याकडं पदवीवरून खुर्ची गेलेला मंत्री आठवतो का बघा.

टी_पॉइंट

आपल्याकडं खुर्ची आधी मिळते, पदवी नंतर. कुठल्याही गावात विचारा.

कोरडवाहू

मी इंग्लंडात एमएस्सी करून परत आलो, आता जालन्यात आहे. बालाघाटी म्हणतो त्या निबंधाच्या दुकानांबद्दल थोडं. ती व्हॉट्सअॅपवर येतात, 'असाइनमेंट हेल्प' म्हणून, पहिलं काम अर्ध्या किमतीत. आमच्यातल्या एकानं घेतलं. दुसऱ्या सेमिस्टरला त्यानं नको म्हटल्यावर त्याच दुकानानं मेसेज टाकला, पैसे पाठव नाहीतर तुझ्या विभागाला कळवतो. नाव, रोल नंबर, असाइनमेंट, सगळं त्यांच्याकडंच. हा प्रकार तिकडं बऱ्याच जणांसोबत झालाय. आणि सॉफ्टवेअरनं चोरी पकडली नाही तरी प्राध्यापक समोर बसवून विचारतात, 'हा परिच्छेद समजावून सांग.' तिथं दुकान कामाला येत नाही.

पण माझ्या मते पहिली कॉपी विमानात बसायच्या आधीच होते. एसओपी! म्हणजे 'मला हा कोर्स का करायचाय' हे स्वतःच्या शब्दांत लिहायचं पत्र. कन्सल्टन्सीवाला ते पॅकेजमध्ये देतो. मला एकदा एका ऑफिसात काही नमुने बघायला मिळाले. सगळ्यांच्या आजोबांचा ट्रॅक्टर पेरणीच्या ऐन वेळी बिघडतो, नातू तो दुरुस्त करतो आणि तिथून त्याला यंत्रांची आवड लागते. एकाच्या घरी शेतच नव्हतं, वडील एसटीत कंडक्टर. त्याच्याही एसओपीत ट्रॅक्टर. मी विचारलं तर म्हणाला, "भाऊ, ते त्यांनी टाकलं, मी वाचलं नाही."

न वाचलेल्या पत्रावर सही करून पोरगं दुसऱ्या देशात जातं. आई-बाप पन्नास हजार देतात आणि वर कौतुकानं सांगतात, 'सगळं त्यांनीच बघितलं.' मास्तरांच्या गावजेवणात हा नवा आचारी.

आणि याचे चटके बाकीच्यांना बसतात. 2014 मध्ये बीबीसीनं दाखवलं की इंग्लंडात व्हिसासाठीच्या इंग्रजी चाचणीला डमी बसवतात. त्यावर चाचणी घेणाऱ्या कंपनीनं तीस हजारांहून जास्त निकाल खोटे ठरवले आणि सरकारनं त्यावरून व्हिसे रद्द केले. त्यात डमी बसवणारे होते, आणि आपण स्वतः बसलो होतो असं सांगत वर्षानुवर्षं कोर्टात झगडलेलेही होते. काहींनी ते सिद्धही केलं, पण तोवर शिक्षण गेलं, पैसे गेले.

जुना_मास्तर

ट्रॅक्टरचं वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. कंडक्टर बापाच्या तिकिटाच्या हिशोबावर त्या पोराला किती चांगलं लिहिता आलं असतं.

वसमतची_ताई

सगळ्यांचं वाचलं. माझा मोठा मुलगा आयर्लंडला आहे, धाकटीचं आता जर्मनीचं चाललंय, म्हणून हा धागा उघडला. मला एक कळेना. इतके जण बोलले, पण त्या लेकराला कुणी विचारलं का, बाबा तू असं कामून केलंस? घाटनांदूरची बाळ, तू तिथंच आहेस. तू विचारलंस का?

आणि माहिती म्हणून विचारते, आता त्याचं काय होईल? घरी पाठवतील का?

घाटनांदूरची

ताई, नाही विचारलं. आज संध्याकाळी जाते त्याच्याकडं, मेसमध्ये भेटतो तो. तोवर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं सांगते.

लगेच घरी वगैरे पाठवत नाहीत. एका पेपरात फसवणूक म्हणजे तो पेपर नापास आणि एक संधी गेली. परीक्षा मंडळ आधी लेखी विचारतं, तुमचं म्हणणं काय? हे सगळं परीक्षेच्या नियमावलीत असतं. प्रत्येक विद्यापीठाची वेगळी, प्रत्येक कोर्सची वेगळी, वेबसाइटवर टाकलेली असते. पुन्हा सापडला किंवा प्रकार मोठा असला तर कायमचं काढूही शकतात.

खरी भीती त्या गेलेल्या संधीची आहे. बहुतेक ठिकाणी एका पेपरला तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा गेला की विषय कायमचा नापास, विद्यापीठातून नाव कमी, आणि मग तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडंही सहसा करता येत नाही. त्याच्यामागं व्हिसा. आपल्याकडं बॅकलॉग घेऊन पोरं वर्षानुवर्षं कॉलेजच्या कट्ट्यावर बसतात, त्याची इथं सोय नाही.

पण याच नियमांत एक मोठी सूट आहे आणि ती आपली पोरं वापरत नाहीत. पेपरला नाव तुम्हीच नोंदवायचं असतं, आपोआप लागत नाही. आणि तयारी नसेल तर बऱ्याच ठिकाणी पेपरच्या आठवडाभर आधीपर्यंत नाव काढून घेता येतं. कारण द्यावं लागत नाही, संधी जात नाही, कुणी विचारत नाही. पुढच्या खेपेला बसा. माझ्या बरोबरीच्या जर्मन पोरी दर सेमिस्टरला एखादा पेपर असा सोडतात आणि कॅन्टीनमध्ये मोठ्यानं सांगतात. आपला माणूस तसं करत नाही. सहा पेपर म्हणजे सहा पेपर! एक सोडला तर घरी काय सांगू?

माझं स्पष्ट मत सांगते. स्वयंपाक, भांडी, कपडे या गोष्टी पोरं पंधरा दिवसांत शिकतात. तो ज्याचं वाकडं झालं तो पोरगा ज्वारीचं पीठ मिळत नाही म्हणून बाजरीच्या भाकरी थापतो, आमच्या सगळ्यांपेक्षा चांगल्या. स्वतःच्या पायावर उभं राहणं म्हणजे 'मला हे येत नाही, मी या वेळी बसत नाही' हे वेळेवर म्हणता येणं. ते आपल्याला कुणी शिकवलंच नाही, कारण येत नसलं तरी निभावून नेणारी माणसं कायम आजूबाजूला होती.

बालाघाटी

हे आठवडा आधी नाव काढायचं मला माहीत नव्हतं. ही गोष्ट कन्सल्टन्सीवाले सांगत नाहीत. चांगली माहिती.

संपादक मंडळ

वरच्या दोन प्रतिसादांतून कोर्सचं नाव, गाव आणि वसतिगृहाचा उल्लेख काढला आहे. मुलाची ओळख पटेल असं काही लिहू नका. अंदाज बांधणारे प्रतिसादही काढले जातील.

घाटनांदूरची

काल बोललो. त्याला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं काही नाही.

जर्मनीला यायचं तर ब्लॉक अकाउंट लागतं हे बऱ्याच जणांना माहीत असेल. वर्षाच्या खर्चाची रक्कम आधीच एका खात्यात भरायची, तिथून दर महिन्याला ठरावीक पैसे आपल्याला मिळतात. सप्टेंबर 2024 पासून ती रक्कम 11,904 युरो आहे, महिन्याला 992. आपले 11-12 लाख रुपये. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणीची फी नाही म्हणून लोक जर्मनी निवडतात, पण ही रक्कम दाखवावीच लागते.

तर ती रक्कम त्याच्या घरची नव्हतीच. मामानं आणि वडिलांच्या एका दोस्तानं भरली होती, 'व्हिसापुरती'. बोली अशी की पोचल्यावर महिन्याचे पैसे आले की परत पाठवायचे. म्हणजे कागदावर 992 आणि हातात जवळपास काहीच नाही. खोलीभाडं आहे, आरोग्य विमा आहे, सेमिस्टरची वर्गणी आहे. मग तो गोदामात रात्रपाळीला लागला. इथं विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करायची परवानगी असते. किमान वेतन 2025 मध्ये ताशी 12.82 युरो. हिशोब करा. पहाटे येऊन झोपायचा, दुपारचं लेक्चर चुकायचं. संध्याकाळी मामाचा मेसेज, या महिन्याचे कधी?

मी विचारलं, नाव का नाही काढलंस पेपरातून? म्हणाला, "आठवडा आधीची तारीख कधी गेली तेच कळलं नाही. आणि पप्पांना सांगितलं असतं की एक पेपर सोडला, तर मामाला वाटलं असतं पोरगं वर्ष वाढवतंय, पैसे बुडाले." शेवटच्या रात्री पाळी सुटल्यावर दोन तास होते. एक पान लिहायला घेतलं तर काय लिहावं तेच सुचेना. मग सीनिअरची फाइल उघडली.

मास्तर, तुमचं बरोबर निघालं. पण अर्धंच.

जुना_मास्तर

मान्य. दुसरी अर्धी बाजू माझ्या अनुभवाबाहेरची होती.

कोरडवाहू

हा उसन्या ब्लॉक अकाउंटचा प्रकार सर्रास चालतो. इंग्लंडच्या व्हिसासाठीही खात्यात पैसे सलग 28 दिवस दिसावे लागतात, त्यासाठी व्याजानं पैसे देणारे आहेत. महिनाभर ठेवायचे, स्टेटमेंट काढायचं, परत. देणाऱ्याचं व्याज सुटतं, कन्सल्टन्सीचं कमिशन सुटतं, फाइल पुढं सरकते. पोरगं मात्र पहिल्या दिवसापासून कागदावर एक आणि खिशात दुसरं असं जगायला लागतं. पेपरात चिठ्ठी नेणं ही त्याच्या पुढची पायरी आहे. तेव्हा तो पेपर त्यानं एकट्यानं कॉपी केला असं मी म्हणणार नाही.

टी_पॉइंट

या वेळी मामा भिंतीवर चढला नाही, थेट परदेशी खात्यात चढला.

वसमतची_ताई

टी_पॉइंट, चेष्टा करू नको रे बाबा. मामानंही कुठून तरी काढूनच दिले असतील.

आमचं सांगते. मोठ्याच्या वेळी बँकेत गेलो तर साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला तारण मागितलं. शेताचा सातबारा पुढं केला, साहेब म्हणाले शेती चालत नाही, घर किंवा प्लॉट दाखवा. आमचं घर ह्यांच्या आणि दिरांच्या नावावर. जाऊबाई सही द्यायला तयार नव्हत्या, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांनाही दोन लेकरं आहेत. शेवटी माझ्या नावाचा एक प्लॉट होता तो ठेवला. त्या दिवसापासून घरात तो विषय निघाला की सगळे माझ्याकडं बघतात. मग मुलगा फोनवर 'सगळं मस्त' म्हणणार नाही तर काय म्हणेल? त्याला तिकडं पहिल्या वर्षी एक विषय गेला होता हे मला आता, दोन वर्षांनी कळलं. तेही त्याच्या मित्राच्या आईकडून.

बालाघाटी

मग गरिबाच्या पोरानं जाऊच नये का? तुमच्या सगळ्यांच्या लिखाणातून तेच निघतंय. पैसेवाल्याचं पोरगं वर्षभर उनाडक्या करून चार पेपर सोडेल, आणि शेतकऱ्याचं पोरगं प्रामाणिकपणाच्या परीक्षेलाही नापास.

अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, फी, विमान, राहण्याचा खर्च सगळं मिळतं, पण राज्यात वर्षाला जागा 75. बाकीच्यांनी काय करायचं?

घाटनांदूरची

जाऊ नये असं नाही दादा. मीही काही वाड्यातून आलेली नाही, वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत. मी एक वर्ष पुण्यात नोकरी केली, थोडे साठवले, उरलेले कर्ज. पण ते कर्ज माझ्या नावावर आहे, हप्ता मला माहीत आहे. उसनं घेऊन दाखवायचं असेल तर निदान ते परत द्यायची तारीख कोर्स संपल्यानंतरची असावी. पोचल्याच्या पुढच्या महिन्यात परत मागायचे असतील तर त्या पोराला पाठवूच नका, वर्षभर थांबा. वर्ष उशिरा आल्यानं काही बिघडत नाही. माझ्या वर्गात तिशीतले लोक आहेत, एक बाई तर मुलीला पाळणाघरात सोडून लेक्चरला येते.

काकांना काय सांगायचं यावर मात्र कुणीच बोललं नाही.

कोरडवाहू

तू काहीच सांगू नकोस. पोरगंच सांगेल. तू फार तर शेजारी बस. तू सांगितलंस तर उद्या त्याच्या अॅडमिशनपासून लग्नापर्यंत सगळ्याला काका तुलाच फोन करतील.

जुना_मास्तर

सहमत. एवढंच की 'कुणाला भेटावं लागतं' या प्रश्नाला हसू नका. त्या माणसाचं आयुष्य भेटण्यावरच चाललेलं आहे. तलाठ्याला भेटल्याशिवाय फेरफार होत नाही, कुणाला तरी भेटल्याशिवाय दवाखान्यात खाट मिळत नाही. तो लबाड नाही, त्याला दुसरी रीत ठाऊक नाही.

घाटनांदूरची

झालं एकदाचं. रविवारी दुकानं बंद, सगळे घरी, म्हणून रविवारच धरला. तो व्हिडिओ कॉलवर, मी कॅमेऱ्याबाहेर. त्यानं सरळ सांगितलं. कागद, 5.0, रात्रपाळी, सगळं. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. काकू मागून म्हणाल्या, "रात्रभर उभं ऱ्हायचं काम हाय का बसून?" मग काकांनी विचारलं, "आता परत पेपर द्यायची फी किती?" फी नाही म्हटल्यावर त्यांचा विश्वासच बसेना. फीच नाही तर मग शिक्षा कसली, असं त्यांना वाटलं बहुतेक. तीन संधींचं त्यानंच समजावलं. दोनदा समजावलं.

मामाचं पुढच्या महिन्यापासून थांबणार आहे. मामा खूश नाहीत, पण भाचा नापास होऊन परत आला तर काहीच मिळणार नाही हा हिशोब त्यांना पटला. त्यानं पाळ्या कमी करून फक्त शुक्रवार-शनिवार ठेवल्यात. परीक्षा मंडळाला खुलाशाचं पत्र त्यानं स्वतः लिहिलं, मी फक्त इंग्रजी बघितलं. तो विषय पुन्हा उन्हाळ्यात आहे. या वेळी दोनच पेपरांना नाव नोंदवणार म्हणतो. आणि इथं तपासलेला पेपर बघायला मिळतो, ठरलेल्या दिवशी जाऊन बसायचं, शेजारी सहायक असतो, शंका विचारायच्या. तिथं जा म्हटलं. कोऱ्या पेपरात काय बघू म्हणाला. खरंय तेही. मग मी माझा बघायला गेले तेव्हा त्याला बरोबर नेता येईल का विचारलं, तर ज्याचा पेपर त्यानंच यायचं म्हणे.

वसमतची_ताई

बरं केलंस माय. आता माझं एक काम. धाकटीचं बीई झालंय नांदेडला. ते एपीएस का काय असतं, त्याला कोणकोणते कागद लागतात, किती पैसे लागतात, आणि तिचे दोन विषय एकदा राहिले होते, ते दाखवायचे का? आमचा एजंट म्हणतो गरज नाही. मी सगळी फाइल करून ठेवली आहे.

घाटनांदूरची

ताई, नक्की सांगते. पण तिलाच इथं आयडी काढायला सांगा ना. फाइलही तिच्याकडं द्या.

धाकटी_वसमत

नमस्कार. मीच ती. आईनं फोन हातात दिला आणि म्हणाली, आता तूच लिही. प्रश्न वर आईनं विचारलेत तेच आहेत. शिवाय एसओपी एजंटनं तयार करून ठेवलीय. वरचं वाचून आत्ता उघडून बघितली.

टी_पॉइंट

ट्रॅक्टर?

धाकटी_वसमत

विहिरीवरची मोटार.

घाटनांदूरची

ती एसओपी बाजूला ठेव. तुझी तू लिही, वाईट लिही, मग इथं टाक, आम्ही वाचू.

एपीएस म्हणजे दिल्लीतलं कार्यालय आहे, तुझी कागदपत्रं खरी आहेत का ते तपासून दाखला देतं. भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी तो नोव्हेंबर 2022 पासून सक्तीचा आहे. फी 18,000 रुपये. ऑनलाइन फॉर्म भरायचा, पासपोर्ट, दहावी-बारावी आणि सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट. सगळ्या म्हणजे सगळ्या, नापास झालेल्याही. ते दोन विषय लपवू नकोस. राहिलेले विषय नंतर निघाले असतील तर त्यात काही नाही, इथं अर्ध्या वर्गाचे असतात. पदवी प्रमाणपत्र आलं नसेल तर विद्यापीठाकडून प्रोव्हिजनल घे. त्यासाठी नांदेडला तू स्वतः जा, आईला पाठवू नकोस. अर्ज करायला उशीर करू नकोस, गर्दीच्या दिवसांत दाखला यायला वेळ लागतो आणि हिवाळी सत्राच्या मुदती बऱ्याच ठिकाणी जुलैच्या मध्यापर्यंत संपतात, काही ठिकाणी त्याच्याही खूप आधी. प्रत्येक विद्यापीठाची तारीख त्याच्या पानावर बघ आणि वहीत लिहून ठेव.